उलटी मुरड

आईची मुरड एका दिशेने पळायची,
माझी बरोबर तिच्या उलट.
मी डावखुरी. पेन्डीनला अशा पास्टीला कोंबडा म्हणतात,
आणि आईच्या हातची ती कोंबडी.
"खुराड्यात दोन्ही असावीत," बाबा म्हणायचे
आणि खाणीतली लाल माती
नखांत तशीच ठेवून जेवायला बसायचे.

आता फेब्रुवारी. खिडकीच्या काचेवर समुद्राचं मीठ.
आईला जाऊन अकरा आठवडे झाले
आणि आज शुक्रवार आहे,
म्हणजे कुणीतरी मैद्यात चरबी चोळायलाच हवी.

मी चोळते. नुसत्या बोटांच्या टोकांनी,
तळव्याची ऊब लागता कामा नये.
ओल्या वाळूसारखं रवाळ झालं की गार पाणी,
मग गोळा झाकून तासभर विसरून जायचं.
(विसरणंही कृतीतच धरलेलं आहे, ती म्हणायची.
मला तेवढंच जमत नाही.)

बटाटा चिरायचा नाही, हातात धरून तासायचा,
पेन्सिलीला टोक काढतो तसा.
पिवळा सलगम तसाच. कांदा.
बीफ कच्चं, बोटाच्या पेराएवढं;
त्याला काय शिजायचं ते आत, अंधारात शिजेल.
गाजर नाही. गाजराचं नाव काढलं तर
शेजारच्या मिसेस ट्रेम्बाथ अजूनही खिडकी लावून घेतात.

जोरी प्लिमथहून आलाय.
"विकत आणल्या असत्या," म्हणाला
आणि आइसक्रीम शोधायला फ्रीझर उपसला.
तळाशी, मटारच्या पिशवीखाली,
वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या चार.
तिच्या मुरडीच्या. दोरखंडासारख्या पिळाच्या.
एकवीस पीळ. मी मोजले.

कोपऱ्यात सुरीच्या टोकाने टोचलेली अक्षरं:
डी, डिगरी, म्हणजे बाबा.
जे, जोरी.
के, मी, केरेन्झा.
आणि चौथीवर डब्ल्यू.

"डब्ल्यू कोण?"
मी म्हटलं, वॉल्टर असेल, चॅपलात ऑर्गन वाजवायचा तो.
जोरी हसला, मग बाबांकडे बघून थांबला.
बेचाळीस वर्षांचा संसार,
त्यातल्या कित्येक रात्रपाळ्या,
आणि हा एक डब्ल्यू.

बाबा काही बोलले नाहीत.
चष्मा चाचपला, मिळाला नाही.
मग जोरीने मांडलेली ती पास्टी दोन्ही हातांनी धरली
आणि अर्धी फिरवली,
भरलेली ट्रॉली वळवावी तशी, जपून.

डब्ल्यूचा एम झाला.
मेरॉड.

तिला बसून अख्खी पास्टी खाताना
आम्ही कुणी पाहिलेलं नव्हतं.
ओट्यापाशी उभी राहून ती फुटक्या कडा खायची,
ट्रेला चिकटलेला करपलेला रस खरवडायची,
"करता करताच पोट भरतं गं."
मग ही ती केव्हा खाणार होती?
कुठल्या दुपारी, आम्ही कुणी नसताना?

चार तिच्या, चार माझ्या,
एकाच भट्टीत, एकमेकींकडे पाठ करून.
सव्वा तास.
वास आधी जिन्यात गेला, मग रस्त्यावर;
मिसेस ट्रेम्बाथची खिडकी उघडल्याचा आवाज आला.

एम कुणी खायची यावर कुणीच बोललं नाही.
बाबांनी सुरी घेतली, तीन तुकडे केले.
सारखे झाले नाहीत. मधला त्यांनी ठेवला.

पहिल्याच घासाला जोरी खोकत उठला.
मला ठसका लागला.
मिरी. केवढी मिरी!
आमच्यात ती चिमूटभर घालायची,
जोरीला तिखट सोसत नाही म्हणून,
बाबांच्या पित्तासाठी म्हणून.

"तिला एवढं तिखट आवडायचं?" जोरीने विचारलं.

बाबांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं.
"मिरीनं," ते म्हणाले.
मी ग्लास पुढे सरकवला.
त्यांनी तो बाजूला केला
आणि आणखी एक घास घेतला.